पडद्यामागचं बिऱ्हाड

सावल्यांचा खेळ पडद्यासमोर बसून बघायचा असतो. पण ज्याला तो समजून घ्यायचा आहे, त्यानं एकदा तरी उठून मागे जावं. मी गेले, आंध्रातल्या निम्मलकुंटा गावात. रेशमी साड्यांसाठी आपल्याला ठाऊक असलेल्या धर्मावरमजवळचं हे गाव. पूर्वी अनंतपूर जिल्ह्यात होतं, आता श्री सत्यसाई जिल्ह्यात मोडतं. इथली काही घरं पिढ्यानपिढ्या ‘तोलु बोम्मलाट’ करत आली आहेत. तेलुगूत तोलु म्हणजे कातडं, बोम्म म्हणजे बाहुली आणि आट म्हणजे खेळ.

मागे जागा अशी नव्हतीच. तीन पुरुष, दोन बाया, एक मुलगा, एक पेटी, एक मृदंग आणि चटईवर ओळीनं पसरलेल्या बाहुल्या. प्रसंग सीताहरणाचा. रावण धरणारा माणूस उभा, कारण त्याची बाहुलीच त्याच्या छातीपर्यंत येत होती. सीता धरणारी बाई पदर कमरेला खोचून त्याच्या कोपराखालून पुढे वाकलेली. तिचा उजवा हात बाहुलीच्या मधल्या काठीवर, डाव्या हातात सीतेच्या मनगटाची काडी. बोलत तीच होती, रडतही तीच होती. मुलाच्या पायाखाली एकीवर एक ठेवलेल्या दोन फळ्या होत्या. रावणानं पाऊल टाकलं की मुलानं फळीवर पाय आपटायचा, म्हणजे पडद्यापुढच्यांना धरणी हादरल्यासारखं वाटतं.

रावणाच्या लांबलचक बोलण्याच्या मध्येच त्या माणसाला खोकल्याची उबळ आली. वाक्य अर्ध्यावर तुटलं. पेटीवर बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वरसुद्धा न करता त्याच पट्टीत, त्याच घोगऱ्या आवाजात ते वाक्य पुढे नेलं. रावणाचा हात हलायचा थांबला नाही. पुढे बसलेल्यांतल्या एकालाही काही कळलं नसणार. खोकला ओसरल्यावर त्या माणसानं आपला आवाज परत घेतला, तोही वाक्याच्या मध्यावर, आणि म्हातारा पुन्हा पेटीत बुडाला. हा एवढासा प्रसंग पाहण्यासाठी मी हजार किलोमीटर पुन्हा जाईन.

त्या गडबडीतच माझ्या कानांवर असं काही पडलं की मी चमकले. पडद्यापुढे जात होती ती शुद्ध तेलुगू, पल्लेदार, पद्यानं भरलेली. पण पडद्यामागे हे लोक एकमेकांशी जे पुटपुटत होते, त्याला मराठीचं वळण होतं. सगळं कळत नव्हतं. हेल तेलुगू होता, क्रियापदांचे शेवट भलतीकडेच जात होते. तरी कुणी पाणी मागितलं ते कळलं, आणि दिवा जरा सरकव म्हणून सांगितलं तेही कळलं.

ही माझ्या कानांची चूक नव्हती. आंध्रात, कर्नाटकात आणि तमिळनाडूत कातडी बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या घराण्यांपैकी मोठा भाग घरात मराठीचीच एखादी बोली बोलतो. आंध्रात यांना आरे कापू म्हणतात. ‘आरे’ हा तिकडे मराठ्यांसाठी वापरला जाणारा जुना शब्द. कर्नाटकात हेच लोक किळ्ळेक्यात किंवा शिळ्ळेक्यात म्हणून ओळखले जातात आणि त्यांच्या खेळाला ‘तोगलु गोंबेयाट’ म्हणतात. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला, नागरकोविलच्या आसपास, ते मंडिगर आहेत आणि नावापुढे ‘राव’ लावतात. एडगर थर्स्टननं १९०९ मध्ये दक्षिणेतल्या जातिजमातींवर सात खंड काढले, त्यांत किळ्ळेक्यातांची नोंद आहे आणि तीही त्यांचं मराठीपण सांगते. ते केव्हा गेले, यावर एकमत नाही. तंजावरला व्यंकोजीराजांनी १६७५च्या सुमारास गादी स्थापन केली, तिच्या आश्रयाला आपले पूर्वज आले, अशी तमिळनाडूतल्या घराण्यांची समजूत आहे. मला व्यक्तिशः वाटतं की एकाच लाटेत एवढी पांगापांग होत नाही. बैलगाडीत बाहुल्यांची पेटी घालून गावोगाव हिंडणारी माणसं थोडी थोडी करत खाली सरकली असणार. जिथे मुक्काम पडला तिथली भाषा त्यांनी पडद्यापुढे घेतली, आणि स्वतःची मागे ठेवली.

मराठी कुठवर पोहोचली हे सांगताना आपण अटकेपार जातो, तंजावरच्या ग्रंथालयात जातो, बडोदा-इंदूर-ग्वाल्हेरला जातो. या लोकांचं नाव त्यात कधी येत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. त्यांच्याकडे किल्ला नाही, शिलालेख नाही. एक धोतराचा पडदा आहे, आणि त्याच्या मागे तीनशे वर्षं टिकलेलं घरगुती बोलणं आहे.

आता कातड्याकडे येते, कारण खेळाची खरी सुरुवात तिथे होते.

शेळीचं कातडं आधी पाण्यात भिजत घालतात. मऊ पडलं की केस आणि आतली चरबी खरवडून काढायची, आणि ते ताणून, खुंट्या मारून उन्हात वाळवायचं. वाळल्यावर ते पापडासारखं कडक आणि जवळपास आरपार दिसणारं होतं. जुन्या काळी देवांच्या बाहुल्यांना हरणाचं कातडं वापरत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते संपलं, आता सगळी भिस्त शेळीवर. मोठ्या बाहुलीला एक कातडं पुरत नाही. धड एका कातड्याचं, पाय दुसऱ्याचे, हात उरलेल्या तुकड्यांतून. आंध्रातली बाहुली चार-पाच फुटांची सहज असते. भारतात छायाखेळातल्या एवढ्या मोठ्या बाहुल्या दुसरीकडे नाहीत.

मग टोचणी. मी पाहिलं तेव्हा घरातला कर्ता पुरुष लाकडी ठोकळ्यावर कातडं ठेवून छोट्या छिन्नीनं सीतेची गळसरी उमटवत होता. गळसरी काढायची तर मण्यांच्या जागी भोकं पाडायची, कारण पडद्यावर दागिना म्हणजे कातड्यातून सुटलेला उजेड. छिन्नीचा प्रत्येक ठोका खसखशीएवढं भोक पाडी. एका गळसरीला किती ठोके लागतात ते मी मोजायला लागले आणि दोनशेच्या पुढे सोडून दिलं. शेजारी त्याची सून आधी टोचून झालेल्या बाहुलीत रंग भरत होती. रंग दोन्ही बाजूंनी द्यावा लागतो, नाहीतर दिव्यापुढे धरल्यावर फिका डाग दिसतो. टोचणारा एक, रंगवणारी दुसरी, आणि खांदे-कोपर-कंबर दोऱ्याच्या गाठींनी जोडणारा तिसरा. गाठ घट्ट बसली तर हात वळत नाही, सैल राहिली तर ऐन युद्धात निखळून लोंबतो. नर्तकीच्या बाहुलीला सगळ्यांत जास्त सांधे, तिची मानसुद्धा वेगळी हलते. मधोमध ताडाची किंवा बांबूची चिरलेली काठी, तिच्या फटीत बाहुली उभी धरून बांधलेली. राम एकच नसतो. लग्नातला राम वेगळा, वनातला वेगळा, युद्धातला वेगळा. हनुमंत तर प्रसंगाप्रमाणे लहानमोठा. म्हणून बाहुल्यांची पेटी जड होते, आणि म्हणून ती भरायलाही घरच लागतं.

खेळ मांडायची रीतही घरगुतीच आहे. दोन पांढरी धोतरं किंवा साड्या एकमेकींना काट्यांनी जोडून पडदा करतात आणि तो वरच्या बाजूनं प्रेक्षकांकडे किंचित कललेला ठेवतात, म्हणजे बाहुली त्यावर आपोआप टेकते. मागे दिवा. आधी एरंडेलाचे दिवे, मग पेट्रोमॅक्स, आता विजेचा गोळा. जुन्या जाणकारांचा जीव तेलाच्या दिव्यात आहे, आणि त्याला कारण आहे. ज्योत हलते, त्यामुळे स्थिर धरलेली बाहुलीही श्वास घेतल्यासारखी वाटते. गोळा तसा हलत नाही, मग तो जिवंतपणा हातांना आणावा लागतो.

मध्येच विदूषक येतो. कर्नाटकात त्याचं नाव किळ्ळेक्यात, आणि त्याच्यावरूनच अख्ख्या जमातीला नाव पडलं. आंध्रात शेंडीवाला जुट्टुपोलिगाडू आणि त्याची बायको बंगारक्का. ही जोडी रामायणात कुठेही घुसते, त्या त्या गावातल्या भानगडींवर बोलते, पार ओंगळही बोलते. लोक हसत असतात तेवढ्या वेळात मागे चटईवरच्या बाहुल्या बदलतात, पुढच्या युद्धाचे रथ हाताशी येतात, कुणीतरी घोटभर चहा पिऊन घेतं. विदूषक जे मिळवून देतो तो वेळ मागच्यांसाठी असतो, हे पुढे बसून कधी कळलं नसतं.

हे सगळं पाहून आल्यावर मला गप्प बसवेना. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांना घेऊन सावल्यांचा खेळ करायचं ठरवलं. जटायूचा प्रसंग, अकरा मुलं, वय सात ते चौदा. बाहुल्या पुठ्ठ्याच्या, पंखांना रंगीत जिलेटिनचा कागद, काठीला खराट्याचे हीर. पडदा मांजरपाटाचा. मागे लावली ट्यूबलाइट, आणि सगळ्या सावल्या दुधात विरघळल्यासारख्या झाल्या. लांबट उजेडाच्या प्रत्येक भागातून वेगळी सावली पडते आणि त्या एकमेकींना पुसतात. उजेड जेवढा बिंदूसारखा, तेवढी सावलीची कड धारदार. ट्यूब काढून साधा पारदर्शक काचेचा गोळा लावला तेव्हा पंखांची टोकं दिसली.

दिवा पडद्यापासून सहा फुटांवर होता. बाहुली पडद्याला टेकवली की सावली तिच्याएवढीच. तीच मधोमध, तीन फुटांवर आणली की सावली दुप्पट, कड मात्र पुसट. मुलांना हे गणित शिकवावं लागलं नाही. रावण हळूहळू दिव्याकडे नेला की तो पडदाभर होतो, हे त्यांना अर्ध्या तासात सापडलं, आणि मग प्रत्येकालाच आपली बाहुली पडदाभर करायची होती. इथेच सगळं फिसकटलं. प्रत्येक मूल आपली बाहुली घेऊन पुढे घुसायचं. पडद्यावर राम दिसेना, सीता दिसेना, नुसती डोकी आणि कोपरं. दोन बाहुल्या एकमेकींवर आल्या की एक काळा गोळा. प्रत्येकाला आपली बाहुली हातात छान दिसत होती आणि पडद्यावर काहीच दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका नऊ वर्षांच्या मुलीनं आपली मारीचाची बाहुली खाली ठेवली आणि कुणी न सांगता पडद्यासमोर जाऊन बसली. तिथून ती ओरडायला लागली. काकू, रथ दिसत नाहीये. दादा, तुझं डोकं. सीतेला वर घ्या. त्या दिवसापासून आमचा नियम झाला. तालमीला पाळीपाळीनं एकानं पुढे बसायचं, आणि तो सांगेल ते मागच्यांनी ऐकायचं, मग तो सात वर्षांचा का असेना. मागे असलेल्याला आपण काय करतो आहोत ते दिसत नाही. सावलीच्या खेळातली ही सगळ्यांत मोठी अडचण, आणि मला वाटतं, या कलेचं सगळं सौंदर्यही त्यातूनच येतं. तुमचं काम दुसऱ्याच्या डोळ्यांनी पूर्ण होतं.

जटायूला तीन मुलं लागली. एकाकडे धड, दोघांकडे एकेक पंख. रावणाची तलवार खाली येईल त्याच क्षणी डाव्या पंखाच्या मुलानं हीर सोडून द्यायचा. एक सेकंद आधी सुटला तर पंख उगाचच गळतो, एक सेकंद उशीर झाला तर तलवार पोकळीत जाते. मोजून बघितलं, टाळी देऊन बघितलं, जमेना. चौथ्या दिवशी मला एक लक्षात आलं. तलवारवाला मुलगा तलवार उगारताना श्वास आत घेत होता, आणि पंखवालाही त्याच्याबरोबर घेत होता. दोघांना ते ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून पंख चुकला नाही.

प्रत्यक्ष खेळाच्या रात्री, जटायू आकाशातून झेपावत असतानाच गोळा गेला. मिट्ट काळोख. समोर शंभरेक माणसं. दिव्याशेजारी बसलेल्या मुलानं खिशातून मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि दिव्याच्या जागी धरला. मोबाइलचा टॉर्च म्हणजे जवळपास बिंदूच. पडद्यावर पिसं न् पिसं कोरल्यासारखं उमटलं. आणि त्याचा हात भीतीनं थरथरत होता, त्यामुळे सगळं अरण्य थरथरलं. ते त्याच्या लक्षात आलं असावं. पंख तुटल्यावर त्यानं टॉर्च सावकाश वर उचलत नेला, आणि पडद्यावरची झाडं, रथ, जटायू, सगळं एकदम खाली कोसळत गेलं. बाहुल्या धरलेल्या एकाही हातानं काही केलं नव्हतं. पुढे बसलेली माणसं एकदम गप्प झाली. तोवर आम्ही त्या मुलाला फक्त दिव्याकडे बघ म्हणून बसवलेलं होतं.

असा अनेक हातांत वाटलेला खेळ जावामध्ये चालत नाही. तिथल्या ‘वायांग कुलित’मध्ये दलंग नावाचा एकच सूत्रधार रात्रभर बसून सगळ्या बाहुल्या स्वतः हलवतो, सगळे आवाज स्वतः काढतो आणि मागे बसलेल्या गामेलानच्या वादकांनाही खुणांनी चालवतो. युनेस्कोनं या कलेला मानवतेचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून गौरवलं ते योग्यच आहे, एवढी थोर साधना ती आहे. तुर्कस्तानच्या कारागोझमध्येही बाहुल्या आणि आवाज एकाच उस्तादाचे. आपल्याकडच्या दक्षिणी खेळात मात्र काम वाटलेलं आहे, आणि बायका त्यात बरोबरीनं आहेत. सीता, मंदोदरी, कैकेयी त्यांच्या तोंडी, त्यांच्या हाती. कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यातल्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना २०२५ साली, नव्वदी ओलांडून गेल्यावर, पद्मश्री मिळाली. आयुष्यभर गावोगाव बाहुल्या नाचवलेल्या या बाईचं नाव वाचून मला जो आनंद झाला, तो घरातल्या माणसाच्या सन्मानाचा आनंद होता.

केरळचं ‘तोलपावकूत्तु’ आणखी निराळं. पालक्काडच्या बाजूला भद्रकालीच्या देवळासमोर या खेळासाठी बांधलेली स्वतंत्र वास्तू असते, कूत्तुमाडम. बेचाळीस फूट लांब पडदा, मागे नारळाच्या करवंट्यांत तेवणारे एकवीस दिवे. कंबनाच्या रामायणावर हा खेळ रात्रीमागून रात्री चालतो, सात, चौदा, एकवीस, कुठे त्याहूनही जास्त. देवी दारिकासुराशी लढत होती म्हणून तिला राम-रावणाचं युद्ध पाहता आलं नाही, तिच्यासाठी हा खेळ, अशी कथा. त्यामुळे पुढे एकही माणूस नसला तरी खेळ होतो. स्टुअर्ट ब्लॅकबर्न या अमेरिकी अभ्यासकानं या रात्रींवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि पुढे कुणी नसताना मागचे कलावंत एकमेकांसाठीच कसे बोलतात, टीका-उपटीका कशी वाढवत नेतात, हे त्यात आलं आहे. इथे परंपरेनं पुरुषच असत. के. के. रामचंद्र पुलवर यांच्या घराण्यातल्या मुली-सुनांनी अलीकडे स्वतःचा संच उभा केला, हे मोठंच पाऊल.

रामचंद्र पुलवरांना पद्मश्री मिळाली २०२१ साली. त्याच यादीत आपले परशुराम गंगावणे होते, सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे. कुडाळजवळचं पिंगुळी बहुतेकांना राऊळ महाराजांच्या मठामुळे माहीत असतं. तिथल्या ठाकर समाजानं चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या अशा तिन्ही कला सांभाळल्या. सावंतवाडी संस्थानानं त्यांना आधार दिला, देवळांतून खेळांचे मान ठरवून दिले. संस्थान गेलं, रात्री रिकाम्या झाल्या, पोथ्या आणि बाहुल्या विकत घेणारे दारात यायला लागले. गंगावणे यांनी विकलं नाही. २००६ मध्ये त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय केलं, ठाकर आदिवासी कला आंगण. त्यांची मुलंही याच कामात आहेत. मुंबई-गोवा रस्त्यानं जाणाऱ्या हजारो मराठी गाड्या त्या गावाच्या अंगावरून जातात. त्यांतल्या शंभरांतल्या एकीनं जरी थांबून तासभर दिला, तरी तिथे दर संध्याकाळी पडदा लागेल.

निम्मलकुंट्यात पडदा दर संध्याकाळी लागत नाही. इथले कलावंत दलवाई चलपती राव यांना २०२० साली पद्मश्री मिळाली, आंध्रच्या चर्मबाहुल्यांना भौगोलिक मानांकन आहे, गावातल्या घराघरांतून छिन्नीचा आवाज येतो, आणि कारागिरांना काम आहे. काम आहे ते दिव्यांच्या शेडचं. तेच शेळीचं कातडं, तीच टोचणी, तेच लाल-हिरवे-काळे रंग, पण तारेच्या सांगाड्यावर गोल ताणून बसवलेले. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत ते टांगलेले असतात. त्यावर पोट चालतं, पोरं शिकतात, आणि त्याला नाव ठेवायचा हक्क मला नाही. शेड एका माणसाला एकट्यानं करता येतो. खेळाला पाच-सहा माणसं एका रात्री एका जागी लागतात, आणि त्यांतला एक बंगळुरूला नोकरीला गेला, दुसरीचं लग्न होऊन गेलं, की उरलेल्यांच्या हातून जटायू होत नाही. प्रेक्षक नाहीत म्हणून ही कला आटली, असं आपण सहज म्हणून जातो. माझ्या पाहण्यात ती आधी पडद्याच्या मागच्या बाजूनं आटली आहे.

निघायच्या दिवशी संध्याकाळी त्या घरी पुन्हा गेले. ओटीवर नवा शेड तयार होऊन लटकत होता. सुनेनं बटण दाबलं. गोल फिरत गेलेली सीता, हरिण, झाडं उजळली. रंग असे की नजर हटेना. जुन्या खेळात दिवा बाहुलीच्या मागे असायचा आणि बाहुली त्याच्यापुढे पळायची, वाढायची, लहान व्हायची. इथे दिवा तिच्या पोटात होता. पेटीवरचा तो म्हातारा कोपऱ्यात बसला होता. त्यानं आत हाक मारून काहीतरी सांगितलं, आणि नातू भिंतीवरच्या खुंटीचा जुना हनुमंत घेऊन आला, एक कान फाटलेला. म्हाताऱ्यानं काठी धरली, नातवानं शेपटीची काडी. शेडच्या उजेडात समोरच्या चुन्याच्या भिंतीवर हनुमंत उभा राहिला. सून आतून फळी घेऊन आली आणि पायाखाली ठेवली.